राज्यातला शेवटचा दोरवाला

दोर वळणाऱ्याच्या हाताला वास असतो. तागाचा, त्यावर चोळलेल्या तेलाचा, आणि त्याच्याही खाली कुठेतरी बापाच्या हाताचा. साबण लावा, राख लावा, तो जात नाही. धंदा जातो, वास राहतो.

थोरल्याचा धंदा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता तो लाकडाच्या वखारीत गाड्यांवर ओंडके बांधून द्यायचा, आणि तेही लोखंडी साखळीने. साखळी आवळताना तो तोंड दुसरीकडे फिरवायचा. वखारवाल्याला वाटे, याची मान धरलीय.

घरात पहिला जन्मला म्हणून घर त्याला थोरला म्हणे. घराचं ऐकून गल्ली म्हणू लागली, गल्लीचं ऐकून वखार. थोरला म्हटला की कुठेतरी धाकटाही असणार, हे कोणाच्या डोक्यात येत नसे. त्याच्या स्वतःच्या तर मुळीच येत नसे, कारण तो येऊ देत नसे.

धाकटा होता. चांगला धडधाकट होता. बसस्थानकाच्या बाजूला त्याचं दुकान होतं, आणि त्या दुकानात नायलॉनच्या दोराची रंगीबेरंगी रिळं छतापर्यंत रचलेली होती.

बाप होता तोवर दोघे भाऊ मिळून दोर वळत. या कामाची गोष्ट अशी की ते एकट्याला येत नाही. एका टोकाला चाक. चाकाला तीन आकडे, एकेका आकड्याला तागाचा एकेक पेड. चाक फिरलं की तिन्ही पेडांना पीळ बसतो. दुसऱ्या टोकाला पेड एका खुंटीला बांधलेले, तिथे उभा राहतो भोवरेवाला. भोवरा म्हणजे मुठीत मावेल न मावेल असा निमुळता लाकडी ठोकळा, त्याच्या अंगाला तीन खाचा, एकेका खाचेत एकेक पेड. तो भोवरा धरून भोवरेवाला चाकाच्या दिशेने चालत येतो, आणि त्याच्या पाठीमागे तिन्ही पेड एकमेकांच्या गळ्यात पडून त्यांचा दोर होत जातो. तो घाईने आला तर दोर सैल. रेंगाळला तर दोर गाठाळ. म्हणून चाकवाल्याने भोवऱ्यावर नजर ठेवायची, भोवरेवाल्याने चाकावर. चालत चालत दोघे तोंडासमोर आले की समजायचं, दोर झाला.

थोरला चाकावर, धाकटा भोवऱ्यावर. दुधाचे दात पडण्याआधीपासून हे ठरलेलं. बाप गेला तेव्हा वाटणीही तशीच झाली. थोरल्याने चाक उचललं, धाकट्याने भोवरा खिशात घातला. ज्याचं त्याला मिळालं, असं म्हणत चार माणसं चहा पिऊन उठली. आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांत वीतभर दोर झाला नाही.

धाकट्याने दुकान उघडलं त्या दिवशी थोरला गेला होता. त्याने एक रीळ हातात घेतलं, अंगठ्याने चाचपलं आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "याच्यावर कपडेसुद्धा वाळत घालू नयेत." धाकटा म्हणाला, "तुझ्या दोरावर घालायला तरी कोण येतंय, दादा?" झालं. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता. त्यानंतर कोणी विचारलं, तुम्हाला भाऊबहीण कोण, तर थोरला म्हणे, "कोणी नाही." पहिल्यांदा म्हणताना त्याने आजूबाजूला पाहून घेतलं होतं. पुढे सवय झाली. शिंक आल्यावर नाकाकडे हात जावा, तसं ते उत्तर आपोआप बाहेर पडू लागलं.

भांडण होतं ते पुरुषांचं. जावा दर आठवड्याला बाजारात भेटत, भाजीवाल्याशी एकत्र भांडत, आणि एकीचा कढीपत्ता संपला तर दुसरीच्या पिशवीतून घेत. थोरल्याच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती, ती निळ्या नायलॉनची होती. कुठून आली ते थोरल्याने कधी विचारलं नाही. तिच्याखालून तो रोज वाकून जाई.

अशात राज्याच्या इतिहास संग्रहालयातून फोन आला.

संग्रहालय गावाच्या टेकडीवर होतं. आत राजांची चिलखतं होती, राण्यांच्या फण्या होत्या, एका हत्तीचा दात होता आणि त्यासमोर कायम एक पहारेकरी होता. दर महिन्याच्या एका रविवारी तिथे लोकांसाठी कार्यक्रम होई. कधी नाण्यांवर व्याख्यान, कधी जुन्या नकाशांची ओळख. नाण्यांच्या व्याख्यानाला पहारेकऱ्यासकट मोजके लोक येत, आणि त्यातला पहारेकरी बसलेल्या जागी झोपे. मग कार्यक्रमांचं काम नव्या अधिकारी बाईंकडे आलं. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडमनी 'हरवलेले हात' नावाची मालिका काढली: बुडालेल्या धंद्यातला माणूस बोलवायचा, त्याने अंगणात काम करून दाखवायचं, लोकांनी बघायचं आणि हळहळायचं. लोक आले. हळहळण्यासाठी लोक लांबून येतात.

मॅडमनी फोनवर विचारलं, "तुमच्याखेरीज घरात, नात्यात, हे काम जाणणारं अजून कोणी आहे का? तुमचे भाऊ वगैरे?"

"कोणी नाही," थोरला म्हणाला.

शिंक येऊन गेली. हात नाकाला लागून खाली आला. फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आज हा प्रश्न वेगळ्या कारणाने विचारला होता.

पुढच्या रविवारी संग्रहालयाच्या फाटकावर फलक लागला. *राज्यातला शेवटचा दोरवाला: थोरले.* खाली त्याचा फोटो. 'शेवटचा' हा शब्द 'थोरले'च्या शेजारी कसा बसलाय, हे फलक रंगवणाऱ्याने पाहिलं नाही, मॅडमनी पाहिलं नाही, वाचणाऱ्यांनीही पाहिलं नाही. थोरल्याने मात्र दुसऱ्यांदा वाचताना पाहिलं, आणि रुमालाने मान पुसली.

पण खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. शेंडेफळाचे लाड होतात, पहिल्याचं कौतुक होतं. शेवटच्याचा मान कसा असतो ते त्याला प्रथमच कळत होतं. मुलं त्याच्या तळहाताला बोट लावून बघत. एका बाईने तर त्याच्याकडे पाहून डोळ्यांना पदर लावला. त्याची तब्येत ठणठणीत आहे असं तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मॅडम त्याला दर महिन्याला बोलावू लागल्या, पण दोर काही नीट होत नव्हता. भोवरा नव्हता, म्हणून थोरल्याने वखारीतल्या तुकड्याचा नवा कोरला होता. चाक फिरवायला दुसरा माणूस हवा, म्हणून मॅडमनी हत्तीच्या दातासमोरचा पहारेकरी दिला होता. आणि जन्मात कधी भोवरा न धरलेला थोरला भोवऱ्यावर उभा राहिला होता. होई तो दोर म्हणजे अजगराने उंदीर गिळल्यासारखा, मध्येच फुगलेला. लोक टाळ्या वाजवत. शेवटच्या माणसाच्या कामात कोणी खोट काढत नाही.

"जमतंय की हो," पहारेकरी म्हणे.

"तू फिरवतोस की ढवळतोस?" थोरला म्हणे.

"माझी नोकरी उभं राहायची आहे, काका. फिरायची असती तर जास्त पगार मागितला असता."

मग संग्रहालयाचा वार्षिक खुला दिवस ठरला. त्या दिवशी सगळ्यांना आत प्रवेश, आणि अंगणात रस्सीखेच: एका बाजूला संग्रहालयाचे कर्मचारी, दुसऱ्या बाजूला अग्निशमन दलाचे जवान. मॅडमची कल्पना अशी, की रस्सीखेचीचा दोर थोरल्याने त्याच अंगणात, सगळ्यांसमोर वळावा. संध्याकाळी त्याला सन्मानपत्र द्यायचं आणि त्याने बापाचं चाक संग्रहालयाला द्यायचं. चाकासाठी काचेचं कपाटही येऊन पडलं होतं. त्यावर 'शेवटच्या दोरवाल्याचं चाक' अशी पाटी आधीच लावून ठेवली होती.

थोरल्याला वाटलं, आता सांगून टाकावं. तो मॅडमच्या खोलीत गेला. नेमके तिथे संचालक बसले होते.

"थोरले, बसा," मॅडम म्हणाल्या. "तुमचंच चाललंय."

संचालक चष्मा पुसत म्हणाले, "मागच्या वर्षी आम्ही राज्यातला शेवटचा छत्री दुरुस्त करणारा आणला होता. ऐकलंय का तुम्ही?"

"नाही."

"कार्यक्रम चालू असताना फाटकाशी आणखी तीन आले. छत्र्या घेऊन. एकाने तर माझी छत्री दुरुस्त करून दिली, तिथल्या तिथे. चांगली केली. पण संस्थेचं काय? मी मॅडमना सांगून ठेवलंय, पुन्हा असा शेवटचा निघाला तर ही मालिका बंद. आपली नाणी बरी. नाण्यांना भाऊबंद नसतात."

मॅडम हसल्या, पण त्यांचा हात टेबलाची कड घट्ट धरून होता. "यावेळी मी स्वतः विचारून घेतलंय, सर." मग थोरल्याकडे वळून, "तुम्ही काही सांगायला आला होतात?"

थोरल्याने संचालकांकडे पाहिलं. "ताग थोडा जास्त लागेल."

"मिळेल."

खुल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा बायको म्हणाली, "तुमचा फोटो गावभर लावलाय म्हणे."

"लावला असेल."

"बसस्थानकाजवळही लावलाय. भावजींच्या दुकानाच्या भिंतीवर."

थोरल्याचा घास हातातच राहिला.

"कागद चिकटवणाऱ्याला काय माहीत कुणाची भिंत ते," बायको म्हणाली. "भावजी आठवडाभर तुमच्या तोंडाकडे बघत नायलॉन मोजतायत. गिऱ्हाइकं विचारतात, हे तुमच्यासारखे दिसतात हो. ते म्हणतात, दिसत असतील."

"फाडला नाही त्याने?"

"पावसाने भिजू नये म्हणून वरून प्लास्टिक लावलंय, जाऊबाई सांगत होत्या." तिने त्याच्या ताटात आणखी वाढलं. "भाऊ जिवंत असताना शेवटचे झालात. कमाल आहे बाई तुमची. मी मेले नाही ना अजून, तेवढं विचारून घ्या उद्या मॅडमना."

थोरल्याने ताट बाजूला सारलं. मग थोड्या वेळाने पुन्हा ओढलं आणि सगळं संपवलं. राग वेगळा आणि भूक वेगळी.

खुल्या दिवशी अंगण भरून गेलं. टेकडीखालपर्यंत रांग होती. जवान गणवेशात आले होते आणि रस्सीखेचीआधीच दंड चोळत होते. पहिल्या रांगेत संचालक. त्यांनीही कर्मचाऱ्यांच्या बाजूने ओढायचं कबूल केलं होतं, म्हणून पायात पळायचे बूट घातले होते आणि वर सूट. मागे कुठेतरी बायका उभ्या होत्या, त्यांत थोरल्याची बायको, आणि तिच्या शेजारी जाऊ. थोरल्याने त्यांना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. अंगण मोठं होतं. त्याची नजर आणखी शोधत गेली. धाकटा दिसला नाही. बरं झालं, असं त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला पटलं नाही.

मॅडमनी ध्वनिक्षेपकावरून ओळख करून दिली. शेवटचा हा शब्द त्या बोलण्यात चारदा तरी आला. मग पेड ताणले गेले. पहारेकऱ्याने मुठीला थुंकी लावली आणि चाक फिरवलं.

पीळ बसत गेला. थोरला भोवरा धरून निघाला. थोडा चालला नाही तोच मागे एक फुगा आला. तो थांबला, मागे सरकला, पुन्हा निघाला. दुसरा फुगा आला. पहारेकऱ्याला शिंक आली आणि चाक उलटं फिरलं. तिन्ही पेड एकदम सुटून असे गुरफटले, की भोवरा थोरल्याच्या हातातून उडून जवानांच्या पायाशी पडला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

जवानांचा नायक भोवरा उचलून घेऊन आला. भला माणूस होता. हळूच म्हणाला, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. आमच्या गाडीत नायलॉनचा आहे. आणू का?"

थोरल्याच्या कानशिलांना आग लागली. तिथे जवान होते, पण ती विझवायचं त्यांच्या हातात नव्हतं.

"नायलॉन नको," गर्दीमागून कोणीतरी म्हणालं. "नायलॉन हाताची साल काढतो ओढताना. मीच विकलाय तो तुम्हाला, मला माहीत आहे."

गर्दी बाजूला झाली. हत्तीच्या दाताच्या दालनाच्या दारातून धाकटा आला. तो सकाळपासून तिथेच उभा होता. पहारेकरी जागेवर नाही म्हणून एका म्हातारीने त्यालाच पहारेकरी समजून स्वच्छतागृह विचारलं होतं. केस पिकले होते. चालणं मात्र तेच: घाई नाही, रेंगाळणं नाही. त्याने खिशात हात घातला आणि बापाचा भोवरा काढला. काळा, गुळगुळीत, खाचा तेलाने चकाकणाऱ्या. वापरात नसलेल्या लाकडाला इतकं तेल कोणी लावत नाही.

मॅडम पुढे झाल्या. "आपण कोण?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. "मी काय सांगू? यांनाच विचारा."

मॅडम वळल्या. हातातला ध्वनिक्षेपक चालूच होता, तोच त्यांनी थोरल्यासमोर धरला. "थोरले, हे कोण तुमचे?"

सगळं अंगण ऐकत होतं. पहिल्या रांगेत संचालक चष्मा पुसायचे थांबले. थोरल्याच्या जिभेवर उत्तर येऊन बसलंच होतं, वर्षानुवर्षं येत होतं तसं, सरावाचं, गुळगुळीत. "कोणी..." इथवर ते बाहेरही पडलं. सगळ्या अंगणाने ते मोठ्या आवाजात ऐकलं. धाकट्याची मूठ भोवऱ्यावर आवळली. मागे कुठेतरी दोन बायकांनी एकमेकींचा हात धरला.

थोरल्याने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"कोणी विचारलं नाही इतकी वर्षं नीट," तो म्हणाला. मग त्यालाच ते खोटं वाटलं. "विचारलं. मी सांगितलं नाही. भाऊ आहे. माझ्या पाठचा. दोर वळतो."

मॅडमनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या संचालकांकडे बघत होत्या. संचालक उभे राहिले होते.

"म्हणजे मग शेवटचा कोण?" त्यांनी विचारलं.

"साहेब," धाकटा म्हणाला, "दोर होईपर्यंत दम धरा. मग बसून ठरवू. दादा, त्या माणसाला चाकावरून उठव."

पहारेकरी सांगायच्या आत उठला होता.

पेड सोडवायला वेळ गेला. मग थोरला चाकावर बसला, धाकटा पार अंगणाच्या टोकाला, फाटकाशी जाऊन उभा राहिला. मध्ये तीन पेड ताणलेले. थोरल्याने मूठ धरली आणि चाकाने बापाच्या वेळचा आवाज काढला, गाय झोपेत हुंकारते तसा. पेड थरथरले, आखडले, वाजू लागले. धाकट्याने भोवरा बसवला आणि निघाला.

"हळू," तो लांबून ओरडला.

"मला शिकवू नकोस!"

"बापाने तेवढंच शिकवायचं ठेवलं होतं!"

"नायलॉनवाल्याने बोलू नये!"

लोक हसले. दोर मात्र हसत नव्हता; तो भोवऱ्यामागून सरळ, घट्ट, एकसारखा निघत होता. धाकटा जवळ येत गेला तसे त्यांचे आवाज खाली येत गेले. अर्ध्या अंगणात आल्यावर लोकांना ऐकू येईनासं झालं. तीनचतुर्थांश अंगणात तर बोलणंच थांबलं. थोरल्याची नजर भोवऱ्यावर, धाकट्याची चाकावर. तसं केल्यावर माणसाला माणूस दिसतोच, इलाज नसतो.

अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर धाकटा पुटपुटला, "वहिनी कपडे कशावर वाळत घालते, बघितलंयस कधी?"

"बघितलंय."

"कधी?"

"बांधली त्या दिवशी," थोरला म्हणाला. "रोज वाकून जातो की तिच्याखालून."

धाकट्याने भोवरा काढून घेतला. दोर झाला होता.

रस्सीखेच जवानांनी जिंकली. संचालक कर्मचाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात मागे होते, दोर कमरेला गुंडाळून. पुढचे घसरले तसे ते सुटासकट अर्धं अंगण ओढले गेले, पण त्यांनी दोर सोडला नाही आणि दोराने त्यांना सोडलं नाही. उठल्यावर त्यांनी गुडघे झटकले, दोर हातात घेऊन नखाने खरवडून पाहिला.

"एकही पेड तुटला नाही," ते म्हणाले.

"नाही," धाकटा म्हणाला.

"मॅडम, पाटीवरचा तो शब्द काढा. आणि यापुढे कोणालाही तो लावू नका. छत्रीवाल्यांनाही बोलवा परत. तिघांनाही." मग थोरल्याकडे वळून, "चाक मात्र आज मिळणार ना आम्हाला? कपाट आलंय."

थोरल्याने चाकाकडे पाहिलं, मग धाकट्याच्या फुगलेल्या खिशाकडे.

"लागतंय अजून," तो म्हणाला.

संध्याकाळी दोघांनी मिळून चाक हातगाडीवर चढवलं. बांधायची वेळ आली तेव्हा धाकट्याने सवयीने नायलॉन काढला. थोरल्याने तोंड दुसरीकडे फिरवलं, पण गाठ धरायला बोट दिलं. जावा पुढे निघून गेल्या होत्या, बोलत. त्यांचं बोलणं सकाळपासून संपलं नव्हतं.

फाटकाशी पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"काका, आतली वस्तू बाहेर नेताना नोंद लागते. नियम आहे."

"तू इतके दिवस तेच चाक फिरवलंस ना रे?"

"म्हणून काय झालं? वस्तू काय?"

"चाक."

"कोणाचं?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा गाडीची मूठ धरून आभाळाकडे बघत होता, जणू आभाळात काही विक्रीला आहे.

"आमच्या बापाचं," थोरला म्हणाला.

"अवस्था?" पहारेकऱ्याने विचारलं. "इथे सगळ्यांची एकच लिहितो मी. जुनं, मोडकं, अपूर्ण. यातलं काय लिहू?"

थोरल्याने जरा विचार केला.

"चालू," तो म्हणाला, आणि धाकट्याने गाडी ढकलली.